दमानदादा आणि माळ्यावरचं खोकं

नवी वस्तू घेतली की दमानदादा ती लगेच वापरत नसे. नव्या चपला आठवडाभर दाराशी जुन्या चपलांच्या शेजारी ठेवायचा. म्हणायचा, "वळख होऊ दे." नवा टायर आधी जीपच्या टपावर बांधून गावोगाव फिरवायचा, मगच चाकावर चढवायचा. मेव्हण्यानं कार्ड घालून पाठवलेला मोबाईल तर कित्येक दिवस फडताळातच वाजत होता. बायको वैतागून म्हणाली, निदान उचला तरी. तर हा म्हणे, "वाजू दे. आवाजाची सवय होऊ दे."

पासलीचा हा गडी वेल्ह्याहून वर डोंगरातल्या गावांना जीपनं माणसं न्यायचा. खरं नाव माझ्यासकट फार थोड्यांना ठाऊक होतं. जीपमध्ये चढणाऱ्याला "दमानं", उतरणाऱ्याला "दमानं", आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्यालाही खिडकीतून हात काढून "दमानं" म्हणायचा, म्हणून दमानदादा. माझं कापूरहोळला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. आता मुलगा बघतो. दादा माझ्याकडं यायचा तो वस्तू घ्यायला कमी आणि बघायलाच जास्त. एक पट्टा घ्यायचा असला तरी तीनदा चहा व्हायचा.

पासलीच्या अलीकडं एक वळणाचा चढ आहे. भरलेली जीप तिथं दम सोडायची. मग न सांगता सगळे उतरायचे. म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया तेवढ्या आत बसून राहायच्या. एकजण मागच्या चाकाजवळ दगड घेऊन चालायचा, बाकीचे बोलत बोलत मागून. त्या चढावर किती सोयरिकी जुळल्या याची गणती नाही. करवंदांच्या दिवसांत तर माणसं वर पोचायलाच तयार नसत. दादा वर जाऊन गाडी बंद करून बसायचा. सगळ्यांना त्यात गंमत वाटे, पण त्याला नाही. मला एकदा म्हणाला, "अण्णा, भाडं घ्यायचं आन वर चालाय लावायचं. लाज वाटती."

पुढं नव्या जीपा आल्या. त्या चढावर थांबत नसत. दादाचे लोक एकेक करून तिकडं बसू लागले. त्याच सुमाराला माझ्याकडं मॅनिफोल्डची किटं आली. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाला हवा पोचवणाऱ्या नळ्यांची जोडणी. या किटातल्या नळ्या रुंद, चकचकीत ॲल्युमिनियमच्या. हवा जास्त, म्हणजे ओढ जास्त, असं मला विकणाऱ्यानं सांगितलं आणि तेच मी येईल त्याला सांगत सुटलो. दादाला तर जरा वाढवूनच सांगितलं. म्हणालो, दादा, हे लावलंस तर चढावर कुणाला उतरावं लागणार नाही.

हे वाक्य त्याच्या मनात जाऊन बसलं. मग घ्यावं की न घ्यावं हे वर्षभर चाललं. फिटरला विचारून झालं, भाच्यानं मोबाईलवर दाखवलेला व्हिडिओ बघून झाला. शेवटी त्यानं चढावर खाली उतरलेल्या लोकांनाच विचारलं. बहुतेकांचं मत पडलं की घ्यावं. आतच बसून राहणारी एक म्हातारी मात्र म्हणाली, "माज्यासाटनं नगं घिऊस बाबा. ही समदी उतरली की मला जरा पाय पसराय गावत्यात." हे मला सांगताना दादा इतका हसला की चहा सांडला.

त्यात दसरा आला. दादा म्हणाला, किट चार दिवस नेऊ का, लावत नाही, नुसतं गाडीत ठेवतो. दुसऱ्या कुणाला मी असं दिलं नसतं. त्यानं ते खोकं शेजारच्या सीटवर बसवलं आणि तसंच फिरवलं. खंडेनवमीला जीपची, पान्यांची पूजा केली तेव्हा खोक्यालाही हळदकुंकू वाहिलं. परत आणून दिलं तेव्हा पुठ्ठ्यावर पाच बोटं उमटलेली होती. मी म्हणालो, आता हे दुसरं कोण घेणार? तो म्हणाला, "म्याच घेनार. गाडीला वास लागलाय त्याचा. जरा दमानं."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझ्याकडून तसंच किट घेतलेला एक टेम्पोवाला परत आला. सपाट हमरस्त्यावर गाडी छान पळते, पण माल भरून घाट चढताना होती तेवढीही ओढ राहिली नाही, असं त्याचं म्हणणं. त्याला चहा पाजून मी गप्प केलं. शेजारच्या फिटरला विचारलं, तर तोही म्हणाला, हे पळायला ठीक, हळू चढावर वजन ओढायला नाही. आणि दादाचं इंजिन तर झिजून कामाला आलंय, ते उघडल्याशिवाय काही उपयोग नाही. हे मी दादाला सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलो. मला वाटलं, हा कसला घेतोय.

आणि एका सकाळी तो आला. अंगात इस्त्रीचा सदरा. दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली, त्यातल्या दोघांना मी हेच किट गळ्यात मारत होतो.

"अण्णा, ठरलं. काढा खोकं."

"कुठलं?"

"माजं. कुकू लावल्यालं."

त्याच्या गाडीला याचा उपयोग नाही, हे मला माहीत होतं. ते त्याच्या गळ्यात मारायचं धाडस होईना, आणि वर्षभर बोललेलं फुकट होतं हे त्या चौघांसमोर कबूल करायची हिंमतही होईना. मी म्हणालो, "ते गेलं, दादा. कालच एकजण घेऊन गेला."

"कुकू बघूनबी नेलं?"

"पुसून नेलं."

"दुसरं येईल?"

"तुझ्या जीपची येत नाहीत आता. बंद झाली."

समोरच तसल्याच किटांची दोन खोकी होती, पण त्यांवर चित्र निराळं होतं आणि दादानं तिकडं पाहिलंच नाही. तो माझ्याकडंच बघत होता. मग म्हणाला, "म्या लई दमानं घेतलं, अण्णा." आणि चहा न घेताच गेला. ते कुंकवाचं खोकं तेव्हा माझ्या डोक्यावरच्या माळ्यावर होतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यानं जीप मोडीत काढली आणि भातशेती बघू लागला. मी स्वतःची समजूत घातली, नुकसानीतून वाचवलं त्याला. नंतर आंबवड्याला एका लग्नात तो पंगतीत माझ्या शेजारी बसला. पूर्वी सगळी पंगत उठली तरी याचा भात चाललेला असायचा. त्या दिवशी मठ्ठा यायच्या आधीच तो हात धुवायला उठला. मी सवयीनं म्हणालो, "दादा, दमानं."

तो थांबला. "त्यो शबूद नगं आता. त्याच्यापायी जीप गेली." तेव्हाच सांगून टाकायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्याला गाडी गाठायची होती. दमानदादा गाडीसाठी पळतोय, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

गेल्या साली भातं काढणीला आली असताना तो गेला. दहाव्याला माणसं पारावर बसून बोलत होती. त्यानं वेळेवर किट घेतलं असतं तर जीप आजही चालली असती, जन्मभर दमानंच घेत राहिला, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. किटाचं हे ज्ञान त्यांना माझ्याच दुकानातून मिळालेलं. मी मान खाली घालून ऐकत होतो.

परवा मुलाकडून माळ्यावरचं खोकं काढून घेतलं आणि पासलीला गेलो. जीप तो चढ न थांबता चढली. आतल्या कुणी मोबाईलमधून मान वर केली नाही. वहिनी पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. खोकं समोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांचं सूप हातातच राहिलं. कुंकू काळपट झालं होतं, पण बोटं ओळखू येत होती.

"म्हंजी गेलंच न्हवतं ह्ये."

"नाही."

"लावलं आस्तं तर चढली आस्ती का जीप?"

"नाही, वहिनी."

त्यांनी सुपातला एक खडा काढून टाकला. मग म्हणाल्या, "एक दिस आदी गेलो आस्तो तर, त्ये येवढंच म्हनायचं. पार शेवटापतुर." आणि पुन्हा सूप हलवत, माझ्याकडं न बघता, "त्यांना उशीर झालाच न्हवता. उशीर तुमाला झाला, अण्णा."

मी निघालो तेव्हा त्या उठल्या. खोकं आत नेतील असं वाटलं. त्यांनी ते दाराशी ठेवलं, दादाच्या जुन्या चपलांच्या शेजारी.