होळीनंतरचा दुसरा बाजार

बेनचा बाप मेला त्याला तीन वर्षं झाली होती. गावानं त्याला पुरलं, दिवस केले, जेवण घातलं. सरकारला मात्र कुणी कळवलं नाही. "कुणाला कळवायचं?" बेननं मला विचारलं. "गावाला तर माहीतच होतं."

बेन म्हणजे सातपुड्यातल्या एका पाड्यावरची बाई. नवऱ्यानं सोडलेली, चाळिशीची, बापाच्या घरी परतलेली. मी तिला बेन, म्हणजे बहीण, म्हणायचे, ती मलाही बेनच. बापाच्या नावावर वनपट्टा होता, म्हणजे सरकारनं कसायला दिलेली जंगलजमीन, डोंगरउताराचं एक शेत. बाप असतानाही ते तीच कसायची. आता दोन चुलतभाऊ म्हणत होते, लग्न होऊन गेलेल्या पोरीचं इथं काय? गेल्या वर्षी त्यांनी कडेची एक पट्टी नांगरून घेतली होती. पावसाआधीच्या ग्रामसभेत पट्ट्यांवर वारसांची नावं चढणार होती. बापाच्या मृत्यूचा दाखला असला तर बेनचं नाव लागणार. नसला तर शेत मेलेल्याच्या नावावर राहणार आणि नांगर चुलतभावांचा फिरणार.

मी तापीकाठची. घरी केळी, कापूस आणि अहिराणी. शहाद्याला कॉलेज केलं आणि घरच्यांच्या नाकावर टिच्चून आदिवासींच्या जमिनींसाठी लढणाऱ्या संघटनेचं काम धरलं. संघटनेची पत्रकं मी लिहायचे. माझं प्रत्येक पत्रक "आणखी किती दिवस" या शब्दांनी सुरू व्हायचं आणि त्यात निदान एक जण तरी लुटारू असायचा. मला बेनची पावरी भाषा समजते, पण बोलताना अडखळते. बेनला प्रमाण मराठी ऑफिसात लागते तेवढीच येते. आमचं भागत होतं.

वर्ष उलटून गेलेल्या मृत्यूची नोंद करायची तर आधी ऑफिसातून दाखला काढावा लागतो की आमच्या नोंदवहीत हा मृत्यू नाही. म्हणजे माणूस मेल्याचं आम्हाला माहीत नाही असं सरकार लिहून देणार आणि त्याच कागदाला जोडून तो मेलाय हे आपण सिद्ध करायचं. मग प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, पंचनामा, तहसीलदारांचा आदेश. या पायऱ्यांवरही मी एक पत्रक काढलं होतं. ते जन्म-मृत्यूच्या टेबलावरच्या कारकुनानं काचेखाली ठेवलं होतं. हा माणूस माझ्यासारखाच तापीकाठचा, अहिराणी बोलणारा, निवृत्तीला आलेला. मी दारात दिसले की म्हणायचा, "या ताई. आज कोना मुर्दाबाद शे?"

अर्जात मृत्यूची तारीख लागते. बेनला तारीख विचारली तेव्हा ती म्हणाली, "होळीनंतरच्या दुसऱ्या बाजारी. सकाळी. लोक बाजाराला निघाले होते ते परत फिरले."

तिच्याकडचा बाजार गुरुवारी भरतो. मी मोबाईलवर त्या वर्षीची होळी काढली. मंगळवार. मंगळवारनंतरचा पहिला गुरुवार एक, त्यापुढचा दोन. ती तारीख मी अर्जात लिहिली, प्रतिज्ञापत्रात टाईप करून घेतली आणि बेनचा अंगठा घेतला. तिला वाचूनही दाखवलं. तारखेचा आकडा ऐकून तिनं मान डोलावली. आकड्याशी तिचं काही देणंघेणं नव्हतं हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी कारकुनानं बोलावलं. हल्ली अशा अर्जांची छाननी कडक आहे, आधार तपासतात, रेशनही तपासतात. बेन बाहेर व्हरांड्यात बसली होती. त्यानं मला समोर बसवलं आणि कागद माझ्याकडे फिरवला.

"ताई, हाऊ मानूस मरना, आनि पाच दिन नंतर तांदूय ली गया."

रेशन दुकानाच्या मशीनवर बापाचा अंगठा होता. मी लिहिलेल्या तारखेनंतरच्या मंगळवारी. त्यापुढच्या महिन्यापासून कार्डावर बेनचा अंगठा.

"मशीनमध्ये घोटाळा आहे," मी म्हणाले. "दुकानदारानं लाटलंय. मेलेला माणूस अंगठा देतो का?"

"तेच ते मी तुले ईचारी ऱ्हायनू."

"तुम्ही दुकानदाराला पाठीशी घालताय."

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताई, दुकानदारना कागद मन्हा टेबलवर नही. मन्हा टेबलवर हाई प्रतिज्ञापत्र शे. खोटं निंघनं ते गुन्हा व्हई. तुन्हावर नही. अंगठा तिना शे."

मी उठून व्हरांड्यात आले. तिथल्या बाकावर बसून वीस मिनिटांत पत्रक लिहिलं. मथळा होता: मुडद्याच्या अंगठ्यावर कोण जेवतंय? त्यात दुकानदार लुटारू होता आणि कारकून त्याचा साथीदार. एका ओळीत मी दोघांना गिधाडं म्हटलं होतं. मग बेनला शेजारी बसवून, अडखळत का होईना, तिच्या भाषेत सगळं सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"दुकानदारानं काय केलं?" ती म्हणाली. "बाबाच गेला होता. मी बरोबर होते. पोतं त्यानं स्वतः डोक्यावर घेतलं, मला दिलं नाही."

"कधी?"

"मरायच्या दोन दिवस आधी. त्याच तांदळाचं जेवण घातलं ना गावाला."

"पण तू म्हणालीस होळीनंतरचा दुसरा बाजार."

"हो. दुसराच."

"होळी मंगळवारी होती."

"कुणाची?"

हे मला माहीत होतं. चार वर्षं मी डोंगरात होळ्यांना जात होते. तिथं सगळी गावं एका रात्री होळी पेटवत नाहीत. एक गाव आधी, दुसरं नंतर, म्हणजे या गावच्या लोकांना त्या गावात नाचायला जाता येतं. कंबरेला घुंगरं बांधून तीन-तीन गावं फिरलेल्या लोकांबरोबर मी फिरले होते, आणि अर्ज भरताना मोबाईलमधली होळी धरली. बेनच्या गावची होळी त्या वर्षी शुक्रवारी पेटली होती. मधला गुरुवार होळीच्या आधी गेला होता. माझी तारीख बरोबर एक आठवडा आधीची होती. बापाला मी सात दिवस आधी मारलं होतं आणि त्यावर बेनचा अंगठा घेतला होता.

आत जाऊन मी कारकुनाला हे सांगितलं. सांगायला जड गेलं. त्याला हसायची संधी होती, ती त्यानं सोडली नाही.

"म्हनजे चूक सरकारनी नही?"

"नाही."

"दुकानदारनी?"

"नाही."

"मंग लिही दे तसं. सुधारित प्रतिज्ञापत्र." मग म्हणाला, "पन साहेब ईचारतीन, गावनी होळी शुक्रवारी व्हती कशावरून? आते होळीना बी दाखला लई ये."

मला वाटलं, टिंगल करतोय. तो गंभीर होता. होळीचा दाखला कोणतं ऑफिस देतं हे मला माहीत नव्हतं. बेनला विचारलं तर म्हणाली, "पोलीस पाटलाला विचार. पोलीस येतात ना होळीला."

दुसऱ्या दिवशी आम्ही वर गेलो. पोलीस पाटील शेताच्या बांधावर कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं.

"होळी कधी ते आम्ही ठरवतो," तो म्हणाला. "मग मी ठाण्यात अर्ज देतो, बंदोबस्तासाठी. दरवर्षी. पोच घेतो."

"तीन वर्षांपूर्वीची आहे?"

"पत्र्याच्या पेटीत असेल. उंदरानं सोडली असली तर."

पोच होती. कोपरा कुरतडलेला, पण शिक्का आणि होळीचा वार शाबूत. त्यानं ती माझ्या हातात देण्याआधी बेनकडे बघितलं. "पोरी, तेव्हाच मला सांगायला काय झालं होतं? मी लिहून दिलं असतं."

"तू खांदा दिलास की."

"हा. पण सांगितलं कुठं?"

त्यावर दोघंही हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

नवीन प्रतिज्ञापत्र झालं. त्यात आधीची तारीख अर्ज भरणारीच्या चुकीनं पडली असं वाक्य आहे, आणि त्याखाली माझी सही. मी आजवर लिहिलेल्यांपैकी हे सगळ्यात लहान वाक्य असेल. पंचनामा झाला, आदेश आला, ग्रामसभेच्या दोन दिवस आधी दाखला हातात पडला. मुडद्याच्या अंगठ्याचं पत्रक मी फाडलं. दुकानदाराला त्याचा पत्ता नाही. तो अजूनही मला बघितल्यावर नमस्कार करतो.

ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली. बेनचं नाव निघाल्यावर थोरला चुलतभाऊ उठला. "काका मेल्याचा कागद कुठं आहे?" तो म्हणाला. कागद नसणार अशी त्याची खात्री होती.

बेननं पिशवीतून दाखला काढून ग्रामसेवकाला दिला. त्यानं नाव वाचलं, तारीख वाचली, वार सांगितला. मागच्या ओळीतला एक म्हातारा बोटांवर मोजत होता.

"बाजार होता," तो म्हणाला.

"दुसरा," आणखी कुणीतरी म्हणालं.

पोलीस पाटलानं चुलतभावाला विचारलं, "खड्डा कुणी खणला होता?"

चुलतभाऊ उभाच होता. तो म्हणाला, "मीच. बाजार सोडून."

"मग बस."

तो बसला. लग्न झालेल्या पोरीचा मुद्दा धाकट्यानं काढून बघितला, पण शेत कोण कसतं हे तिथं बसलेल्या प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. ग्रामसेवकानं ठराव लिहिला. बेननं अंगठा दिला. या वेळी कागदावर काय लिहिलंय ते तिनं आधी दोनदा वाचून घेतलं, एकदा माझ्याकडून आणि एकदा पोलीस पाटलाकडून.

उतरताना तिचं शेत लागतं. नांगरलेल्या पट्टीच्या कडेला ती थांबली, हद्दीचा एक दगड पायानं सरकवून पूर्वीच्या जागी नेला. मग चालता चालता तिनं विचारलं, "त्या वर्षी तुमची होळी मंगळवारी होती?"

"हो."

"इतक्या लवकर," ती म्हणाली.