उजवा हात

अंगठा वर आणि चार बोटं वळवलेली. बघणाऱ्याला वाटावं, शाबासकी देतोय. पण सर शाबासकी देणाऱ्यातले नव्हतेच. लोअर परळच्या आमच्या ऑफिसात पंप आणि पंखे आधी कॉम्प्युटरवर फिरवून बघतात, आत पाणी किंवा हवा कशी वाहील ते. नवशिक्यांना सरांच्या हवाली करायचे.

"अंगठा दांड्याच्या दिशेने. बोटं वळतात तसा पंप फिरला तर अधिक, उलटा फिरला तर उणे. समजला काय गो?"

समजलं होतं. तरी पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. उजव्या हातात माऊस, म्हणून डावा वर केला. डाव्या हाताने सगळं नेमकं उलटं येतं. पंप उलटा फिरला, पण तुम्हाला सांगते, स्क्रीनवर प्रवाहाचे रंग असे झकास आले की मी खूश!

"रंगांवर भाळू नको," सर कडाडले. "माऊस सोड आधी! उजवो हात!"

ही बोलणी आम्ही सगळ्यांनीच खाल्लीत. टपरीवरचा टेबलफॅन दिसला तरी सरांचा हात वर जायचा. चहावाला म्हणायचा, "साहेब, हवा येते ना? मग झालं तर!"

मग गणपतीच्या तोंडावर सरांना झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परतलं, हात नाही.

तीन महिन्यांनी ऑफिसने मला त्यांच्या करी रोडच्या घरी पाठवलं. शिकवायला येऊ शकतील का, बघून ये म्हणाले. काकूंनी दारातच माझं मनगट धरलं. "जमेल म्हणून सांग हां तिकडे. घरात बसून झुरतायत गं."

मी लॅपटॉपवर साधा पंप उघडला. दिशा बरोबर टाकली होती, दोनदा तपासून. सरांचे डोळे चमकले. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता. डावा वर आला. अंगठा, चार बोटं.

"उलटो," ते म्हणाले. "उणे टाक."

ज्यावरून त्यांनी मला पन्नासदा झापलं, तेच त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? उजवा हात वापरा म्हणू? काकू बघत होत्या. मी उणे टाकलं. रंग आले, झकास.

"शाब्बास," सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

"जमतंय ना गं त्यांना?" काकूंनी विचारलं.

मी हो म्हटलं. ऑफिसात मात्र नाही म्हणावं लागलं.

आता नवशिक्यांना मीच शिकवते. कुणीतरी माऊस धरून डावा हात वर करतंच. ओरडायला तोंड उघडते मी, आणि मग नुसताच माझा उजवा हात वर करते.