अर्धा राहिलेला अध्याय

किसनबापूंनी ओवी संपवून श्वास घेतला की दत्तराव गुरुजी चष्मा काढायचे, पंच्याच्या टोकाने पुसायचे आणि भोंग्यातून साऱ्या गावाला विचारायचे, "वाचलं. आता ह्याचं करायचं काय?"

सेनगाव तालुक्यातल्या त्या गावी माझी बदली झाली, तेव्हा हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. मी मूळचा वसमतचा. आमच्या घरी बुद्धवंदना, त्यामुळे पोथीशी माझा काही संबंध नव्हता. पण भाड्याची खोली मिळाली ती नेमकी मारुतीच्या देवळासमोर, आणि भोंगा तर माझ्या खिडकीकडेच तोंड करून होता. श्रावणभर रोज संध्याकाळी देवळात पोथी लागायची. वाचणारा एक आणि अर्थ सांगणारा दुसरा, अशी तिथली रीत. वाचायचे किसनबापू. अर्थ सांगायचे गुरुजी, जे सकाळी माझ्याच शाळेत विज्ञान शिकवत.

मला हे काही पचेना. मी विज्ञान-गणिताचा माणूस, आणि त्यात तोंडाचा फटकळ. चौथ्याच दिवशी मी त्यांना गाठलं. म्हटलं, "गुरुजी, सकाळी वर्गात जमिनीखालचे खडक सरकतात म्हणून भूकंप होतो. संध्याकाळी पृथ्वी शेषाच्या फण्यावर, आणि त्यानं मान हलवली म्हणून भूकंप होतो. पोरांनी पेपरात काय लिहायचं?"

गुरुजी खो खो हसले. "पेपरात खडक लिवायचे. आज देवळात या, शेषाचं सांगतो. पटलं न्हाई तर उद्या भांडा."

मी गेलो नाही, पण खिडकी उघडी ठेवली. आमच्या भागात अधूनमधून जमिनीतून गुरगुर ऐकू येते, भांडी वाजतात. त्या आठवड्यातही वाजली होती. गुरुजी भोंग्यातून म्हणाले, "ज्यानं हे लिवलं त्याच्यापाशी यंत्र न्हवतं. पर त्याला अंगानं कळलं व्हतं की आपून जिच्यावर निवांत निजतो, ती हलती. ते त्यानं शेषाच्या भाषेत सांगितलं, मी सकाळी खडकाच्या भाषेत सांगतो. दोघांचं बी ऐकून तुमी तसेच निजणार असाल तर आमी दोघं बी वाया गेलो. आता ह्याचं करायचं काय? घरावरच्या पत्र्यांवर दगड ठेवलेत न वाऱ्यासाठी? ते उद्या खाली काढा. पत्रे नटबोल्टानं आवळा."

दुसऱ्या दिवशी गावात धडाधड दगड खाली पडत होते. किसनबापू मात्र शाळेच्या दारात येऊन कडाडले, "गुरुजी, मी देव वाचून राहिलो आन तुमी लोकांचे पत्रे आवळून राहिले! ह्याला काय अर्थ म्हणत्यात?"

"बापू, देव घरात ऱ्हातो म्हणता न? मंग घर मजबूत नको?"

बापू तणतणत गेले. गळ्यात तुळशीची माळ, ताठ कणा आणि पोथी जवळजवळ तोंडपाठ. त्यांचे दोन नियम होते. अक्षर चुकवायचं नाही आणि सुरू केलेला अध्याय अर्धा सोडायचा नाही. एकदा धो धो पावसात लाईट गेली, सगळे घरी पळाले, तर बापूंनी रिकाम्या देवळात कंदिलाच्या उजेडात अध्याय पुरा केला. गुरुजी सोबत बसून राहिले होते. भांडण रोजचं, पण एकमेकांवाचून दोघांचंही चालत नसे.

पुढच्या श्रावणात, पोथीला माणसं जमत होती त्या वेळी, चौघांनी बापूंना उचलून देवळात आणलं. त्यांच्या गावात साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. बैलांसाठी कडब्याची पेंढी ओढताना बापूंच्या पायाला पान लागलं होतं. फणा काढलेला नाग त्यांनी स्वतः पाहिला होता. पान लागलेल्याला मारुतीच्या पायाशी निजवायचं, कडुलिंबाचा पाला चारायचा, पोथी लावायची आणि काही झालं तरी गावाची शीव ओलांडू द्यायची नाही, ही तिथली जुनी रीत. बापूंचा मुलगा भगवान जीप चालवायचा. त्याची जीप देवळासमोर उभी होती आणि बाप देवळात पडला होता.

मी खोलीतून धावत गेलो. बापू पाला चावत होते. "गोड लागून राहिला," असं ते म्हणाले आणि बाया रडायला लागल्या, कारण कडुलिंब गोड लागला म्हणजे विष चढलं, असं तिथे मानतात. कोणीतरी घाईघाईने पोथी वाचायला सुरुवात केली होती.

गुरुजी आले. त्यांनी आधी पायावर ब्लेड मारायला निघालेल्याचा हात धरला. मग बापूंच्या उशाशी बसले. "बापू, हिंगोलीला जायचं."

"शीव वलांडायची न्हाई, गुरुजी. मारुतीच्या पायाशी हाव मी."

"मंग मारुतीलाच इचारा. लक्ष्मण पडला तवा ह्यो काय करत व्हता? पायाशी बसून राहिला व्हता का?" गुरुजींचा आवाज चढला. "वैद्यानं दवा सांगितली आन ह्यो उडाला! समुद्र म्हणला न्हाई, शीव म्हणला न्हाई. पाला वळखू येईना तर आख्खा डोंगर उचलून आणला. सवता देव व्हते, तरी वैद्य बोलावला! आन त्याच्याच पायाशी पडून तुमी म्हणता, शीव वलांडायची न्हाई?"

बापूंनी मूर्तीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पर अध्याय लागलाय. अर्धा सोडता येत न्हाई."

"सोडतंय कोण?" गुरुजींनी वाचणाऱ्याच्या पुढची पोथी उचलून छातीशी धरली. "उचला बापूला. अध्याय गाडीत व्हईल."

भगवानने चावी काढली, पण तो दारातच थांबला. "गुरुजी, वाटंत काही झालं तर?"

त्याला काय विचारायचं होतं ते सगळ्यांना कळलं. बापू देवळात गेले असते तर देवाची मर्जी. गाडीत गेले असते तर गुरुजींनी मारलं. मग त्या देवळाची पायरी गुरुजींना कायमची बंद झाली असती, आणि पुढे कोणी पान लागलेल्याला दवाखान्यात न्यायचं नावही काढलं नसतं. गुरुजी एवढंच म्हणाले, "माझ्यावर घाल. गाडी काढ."

मी बापूंचा पाय हलू न देता धरून बसलो आणि दवाखान्यात फोन लावला. गुरुजी मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात वाचू लागले. इतकं वाईट पोथीवाचन मी जन्मात ऐकलं नाही. धड चाल नाही, ओव्या मागेपुढे. बापू विव्हळायचे थांबून खेकसले, "मदली ओवी खाल्ली की तुमी!"

"खाल्ली व्हय? बराबर, बराबर." पाच ओव्या झाल्या की पुन्हा चूक. पुन्हा बापूंची खेकसणी. वाटेतलं पुसेगाव मागे पडलं तशी बापूंची पापणी खाली येऊ लागली. गुरुजींनी एक भलीमोठी चूक केली. बापू गप्प राहिले. गुरुजींनी तीच ओवी आणखी वाईट, अगदी ओरडून म्हटली, तेव्हा बापूंची जीभ जड हलली. "गुरुजी... लाज वाटू द्या जरा..."

"भगवान, दाब गाडी!" गुरुजी ओरडले.

दवाखान्याच्या फाटकात गाडी शिरली तेव्हा शेवटची ओवी चालू होती. ती संपवूनच त्यांनी पोथी मिटली, आणि बापूंना स्ट्रेचरवर घेतलं. "अध्याय पुरा झाला बापू, आता सुई."

पहाटे डॉक्टर म्हणाले, धोका टळला. भगवान गुरुजींच्या पायावर पडला. मी तर त्यांना मिठीच मारली. बाहेर बाकावर बसल्यावर विचारलं, "तुम्ही खरंच इतकं वाईट वाचता?"

"नाग चावला की आधी पापण्या जड व्हतात, मंग जीभ. मी तपासून राहिलो व्हतो. ओवी चुकली आन बापू गप राहिले, म्हणजे मामला कठीण."

"म्हणजे पोथी हे तुमचं उपकरण!" मी टाळीसाठी हात पुढे केला.

गुरुजींनी टाळी दिली नाही. "उपकरण काहून, खंदारे सर? मला भ्याव वाटून राहिलं व्हतं. बापूचा हात माझ्या हातात गार पडत चाललेला. तवा मला बी कुणीतरी धराया पाहिजे व्हतं. तुमी पाय धरला व्हता. मला पोथीनं धरलं." एवढ्या वर्षांत त्यांच्याशी वाद घालून मी पुष्कळदा जिंकलो असेन. त्या पहाटे मला वाद घालावासा वाटला नाही.

त्या श्रावणापासून गावाची रीत थोडी बदलली. पान लागलेल्याला आजही आधी मारुतीपुढेच आणतात. फक्त भगवानची जीप रोज तोंड रस्त्याकडे करून देवळासमोर उभी असते आणि नमस्कार होईस्तोवर ती सुरू झालेली असते.

पुढे गुरुजी निवृत्त झाले आणि वसमतला मुलाकडे राहायला आले. मी सुट्टीत घरी आलो की त्यांच्याकडे जातोच. गेल्या श्रावणात असाच बसलो होतो, तर बापूंचा फोन आला. बापू फोनवर इतक्या मोठ्याने बोलतात की मला सगळं ऐकू येत होतं.

"गुरुजी, आपल्या शेवंताबाईला शेतात निंदताना पान लागलं! हिंगोलीला आणलं. म्या वाचून राहिलो व्हतो गाडीत. तुमच्यावानी मुद्दाम चुकलो."

"तिला कुठं ओव्या पाठ हायत, बापू?"

"पाठ न्हाईत, पर तिसऱ्या चुकीला म्हणली, 'बापू, वाचता तर नीट वाचा, न्हाईतर गप बसा!' इतकी साफ बोलली की म्या वळखलं, बाई वाचती."

गुरुजी पोट धरून हसले. मग मुद्दाम खोडी काढल्यासारखं विचारलं, "अध्याय पुरा झाला न पर?"

बापू म्हणाले, "न्हाई गुरुजी. दवाखाना आधी आला. म्या पोथी मिटली. बाई इथं बसून चहा पिऊन राहिली. अध्याय पुराच म्हणायचा की."

गुरुजींनी फोन ठेवला. चष्मा काढला, पण पंच्याचं टोक काचेकडे न नेता डोळ्यांना लावलं.

"खंदारे सर," ते म्हणाले, "आज अर्थ बापूनं सांगितला."