चारच पावलं

घाटकोपरच्या ज्या कारखान्यात मी वायरमन होतो, तिथल्या नाट्यमंडळाचे जुने लोक अजून वर्षातून एकदा जमतात. जेवणं झाली की कुणीतरी मुलुंडच्या एकांकिका स्पर्धेचा किस्सा काढतो आणि सगळे हसतात. मीही हसत आलो. तो किस्सा खोटा आहे, आणि तो खोटेपणा माझा आहे.

ऐंशीच्या दशकातलं मधलं एखादं वर्ष असेल. स्पर्धा मुलुंडच्या एका शाळेच्या सभागृहात होती. आमच्यातल्या कुणीच ते पाहिलेलं नव्हतं. प्रकाशयोजना माझ्याकडे, म्हणून आठवडाभर आधी मी एकटा जाऊन आलो. शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा. चपला काढून मी रंगमंचावर चढलो, पुढच्या काठापासून मागच्या काळ्या पडद्यापर्यंत पावलं मोजली. आठ भरली. कागदावर चौकोन काढून त्याचे सहा एरिया पाडले आणि कुठल्या एरियावर कुठला दिवा, ते लिहिलं. पडद्यामागे काय आहे ते बघायला हवं होतं. शिपायाला घाई होती, मलाही होती.

आमचा दिग्दर्शक कारखान्याच्या स्टोअरमध्ये होता. त्याने विचारलं, "नीट पाहिलंस ना रे सगळं? पडद्यामागेसुद्धा?" मी म्हटलं, सगळं पाहिलं.

एकांकिकेत मुख्य काम आमच्या कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट असलेल्या बाईकडे होतं. अंधेरीच्या गावठाणातली, ख्रिस्ती, घरी मराठीच बोलणारी. तिचं हे पहिलंच मोठं काम. तिची बोली जराशी वेगळी, म्हणून तालमीत चिडवणं चाले. दोन महिने खपून तिने एकेक शब्द घासून घेतला होता. हे काम जमलं तर पुढच्या तीन अंकी नाटकात तिलाच घ्यायचं ठरत होतं. शेवटी दारातून चार पावलं पुढे यायचं, उभं राहून पत्र वाचायचं, असा तिचा प्रवेश होता. आमच्या नेपथ्यात दार नेहमी मागच्या पडद्याला लागून. म्हणजे तिचा दिवा काठापासून चौथ्या पावलावर.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी रंगमंच रिकामा असताना, कागदात बघून मी दिवे लावून घेतले. आमची पाळी दुपारी होती. नेपथ्य मांडायला पंधरा मिनिटं. मांडणारे दार घेऊन मागे गेले ते जातच राहिले. पडद्यामागे बाकं रचलेली असायची. आयोजकांनी ती हलवून पडदा भिंतीपर्यंत नेला होता. दार दोन पावलं मागे गेलं.

मी विंगेत, दिव्यांचा उजेड कमीजास्त करायच्या डिमरपाशी बसलो होतो. बसवेना. उठलो, परत बसलो. दिवा वळवायला शिडी हवी होती, ती कधीच बाहेर गेली होती. पण तिला दोन पावलं जास्त टाक म्हणून सांगितलं असतं तरी भागलं असतं. तिच्याही ते लक्षात आलं होतं. माझ्याजवळ येऊन तिने हळूच विचारलं, "दादा, दार मागे गेलंय ना? मग चारच का?"

दिग्दर्शक हाताच्या अंतरावर उभा होता. मी म्हटलं, "चारच."

वाटलं होतं, दिव्याचा पसारा पुरेल. पुरला नाही. तिने चार पावलं टाकली आणि पत्र उघडलं. साडीच्या निऱ्या लख्ख उजळल्या, चेहरा काळोखात. मी डिमर पूर्ण वर नेला. निऱ्या आणखी उजळल्या. प्रेक्षकांत मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, पुढे या." ती हलली नाही. पूर्ण पत्र तिने अंधारात वाचलं.

परीक्षकांनी नंतर सांगितलं की आवाज चांगला आहे, पण नटीला लाइट घेता येत नाही. नाटकवाल्यांत याहून वाईट शेरा नाही. नटाने आपला उजेड शोधून त्यात उभं राहायचं, ही पहिली इयत्ता. दिग्दर्शक माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "चार पावलं ठरली होती. मोजायला चुकली असेल."

"वन-टू-थ्री मोजलंस काय गं?" ख्रिस्ती म्हणून इंग्रजीत मोजलं असणार, अशा सुरात मंडळातला एकजण म्हणाला, आणि हशा पिकला. तोच हा किस्सा. ती माझ्याकडे बघत राहिली. मी वायरी गुंडाळत होतो.

तीन अंकी नाटकात तिला घेतलं नाही. ती पुन्हा तालमीला आली नाही.

मागच्या वर्षी पत्ता काढून मी अंधेरीला तिच्या घरी गेलो. तिने ओळखलं, बसायला खुर्ची दिली. बसल्या बसल्या मी सगळं सांगून टाकलं: पडदा, बाकं, खोटं बोलणं. ती म्हणाली, "हे मला माहीतच आहे. मी होते ना तिथे."

मी म्हटलं, माफी मागायला आलोय.

"त्या लोकांना सांगितलं तुम्ही?"

"नाही."

"मग मला काय सांगता, दादा? त्यांना सांगा."

आणि चहा ठेवायला ती आत गेली.

दिग्दर्शक आता नाही. बाकीचे सातजण आहेत. या मजकुराच्या सात प्रती काढल्या आहेत. पुढच्या वेळी जेवणाआधी वाटणार आहे.