सात नंबरचं टेबल सरळ आहे

क्लबात तिला सगळे पाणसळ म्हणत. नाव पडलं होतं चेष्टेत. आत आल्या आल्या ती पिशवीतून पातळी तपासायची पाणसळ, म्हणजे काचनळीची पिवळी पट्टी, काढायची आणि दिसेल तिथे ठेवून बघायची. टेबलावर, खिडकीच्या कठड्यावर, एकदा तर मॅनेजरच्या काउंटरवर. नळीतला बुडबुडा मधोमध थांबला की पुढे. काउंटरवर तो थांबला नव्हता. "काउंटरसुद्धा वाकडाच आहे तुमचा," ती म्हणाली होती, आणि त्यातला 'सुद्धा' मॅनेजर अजून विसरला नव्हता.

तिचं काम पूल या काठी-चेंडूच्या खेळाची टेबलं बसवण्याचं. जुनं कापड उसवायचं, खालच्या दगडी पाटीचे तीन तुकडे एका पातळीत आणायचे, सांधे मेणाने भरायचे आणि वर नवं कापड असं ताणायचं की बोटाला सुरकुती सोडाच, सुरकुतीची शंकाही लागू नये. नवरा म्हणायचा, "आमच्याकडे चादर घातल्यावर पलंगावर बसायचीही चोरी."

हे काम मुळात तिच्या बाबांचं. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. आठ वर्षांची असल्यापासून ती त्यांच्यामागे टेबलाखाली सरपटत जायची. आई कुरकुरायची, "एवढ्याशा पोरीला दगड उचलायला नेता?" बाबा म्हणायचे, "दगड मी उचलतो. ती नुसती बघते." बघता बघता ती चौतीस वर्षांची झाली. बाबांच्या हातांना कंप सुटला. दगडाखाली आता तिचे हात आले आणि नुसतं बघायचं काम बाबांकडे गेलं.

टेबल बसवून झालं तरी बुडबुड्यावर तिचा पुरता भरवसा नसे. मग ती काठी हातात घ्यायची. वहीचा कागद टेबलावर ठेवून पांढरा चेंडू तीन कडांना आपटवत नेमका त्या कागदावर आणून थांबवायची. पंधरा चेंडू एका रांगेत मांडून, शेजारच्याला धक्का न लावता एकेक पॉकेटात घालायची. आणि शेवटी एकच फटका, अगदी हळू, चारही कोपऱ्यांवर. जोरात जाणारा चेंडू काहीही लपवतो. थांबायला आलेला चेंडू लपवू शकत नाही, जिकडे उतार असेल तिकडे तो कलतोच. चारही कोपऱ्यांत फटका सारखा गेला तर टेबल सरळ. नाही गेला तर पुन्हा खाली शिरायचं.

"इतकं खेळतेस तर मॅच का खेळत नाहीस?" कुणी विचारायचं.

"जिंकले तर म्हणाल टेबल हिनेच बसवलंय. हरले तरी तेच म्हणाल."

मॅच खेळायची ती उस्तादांनी. साठीला टेकलेला, बारीक, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी सात नंबरच्या टेबलावर त्यांचा कार्यक्रम असे. पन्नास-साठ माणसं खुर्च्या ओढून बसत. उस्ताद एका फटक्यात पाच चेंडू पाच पॉकेटांत घालत, काठीऐवजी छत्रीने खेळून दाखवत. पण लोक थांबत ते शेवटच्या फटक्यासाठी. त्याला 'विसरभोळा' म्हणायचे. काळा चेंडू लांब कडेने संथ निघायचा, कोपऱ्याच्या पॉकेटाला चुकवून सरळ पुढे जाणार असं दिसायचं, आणि अगदी शेवटच्या वीतभर अंतरात, घरी काहीतरी राहिल्याची आठवण झाल्यासारखा, डावीकडे वळून पॉकेटात पडायचा. एकोणीस वर्षं लोक त्याला "अरेच्चा!" म्हणत आले होते.

या वर्षी बारा टेबलांची कापडं बदलायची होती. दर खेपेला सात नंबर बाबा एकटेच करायचे, तिला चहा आणायला पाठवून. या खेपेला त्यांना कापडाची कडही धरवेना. म्हणून ते तिने केलं. कापड उसवून पट्टी ठेवली तर बुडबुडा एका अंगाला पळाला. डावा कोपरा खाली होता, पत्त्याच्या जोडातली दोन पानं एकावर एक ठेवावीत इतका. बाबांचे हात पूर्वीपासूनच चुकत असावेत, असं वाटून तिला गलबललं. तिने पाटीखाली पाचर घातली, बोल्ट आवळले, कापड ताणलं आणि चारही कोपरे खेळून बघितले. टेबल सरळ झालं.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. "आहेस तशी ये."

उस्ताद सात नंबरपाशी उभे होते. शर्टाची बाही वर सरकलेली. त्यांना असं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"अकरा वेळा," मॅनेजर म्हणाला. "अकरा वेळा मारला. एकदाही पडला नाही. काय करून ठेवलंस तू?"

"पाटीखाली पाचर घालून सरळ केलं."

"ते सरळच होतं!" उस्ताद म्हणाले. "हे टेबल माझ्या हाताखालचं आहे. एकोणीस वर्षं. तू माझा हात बिघडवलास पोरी."

तिच्या तोंडाशी आलं होतं सगळं. एकोणीस वर्षं चेंडू तुमच्या हाताने वळत नव्हता, उताराने वळत होता. पण उतार कुणी ठेवला, हा पुढचा प्रश्न ठरलेला होता, आणि आत्ता तिला एकदम चहाचे ते सगळे पेले आठवले. बाबांचे हात चुकले नव्हते. त्यांनी तो उतार मुद्दाम ठेवला होता.

"तुमचा हात चांगला आहे," ती म्हणाली. "टेबलही चांगलं आहे."

"मिस्त्रींच्या हातून अशी चूक कधी झाली नाही," मॅनेजर म्हणाला. "शेवटच्या रविवारच्या आत पूर्वीसारखं करून दे. नाहीतर बाराही टेबलांना दुसरा माणूस बघतो."

"नाही करणार."

"काय म्हणालीस?"

"सरळ टेबल मी वाकडं करणार नाही. रविवारी कार्यक्रमाआधी मला टेबल द्या. सगळ्यांसमोर दाखवते. चारही कोपऱ्यांत सारखं नाही गेलं, तर पिशवी इथेच ठेवून जाते."

उस्ताद हसले. "कार्यक्रम करणार आता पाणसळ!"

"हो. करणार."

घरी बाबा खिडकीपाशी बसले होते, हात मांड्यांखाली दाबून. तिने समोर उभं राहून सात नंबरच्या पाचरीचं आणि न वळणाऱ्या चेंडूचं सांगितलं.

"पहिल्यांदा चुकूनच राहिलं होतं," बाबा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायला गेलो तर उस्ताद नाचत होता. म्हणे, मिस्त्री, हाताला काहीतरी नवीन सापडलंय. त्याची बायको जाऊन दोन महिने झाले होते गं. हसताना दिसला तेव्हा पहिल्यांदा."

"आणि मग एकोणीस वर्षं?"

"मग कधी सांगणार? काढ ती पाचर. दोन पानांचा तर फरक. कुणाचं काय जातं?"

"माझं जातं. उद्या कुणी टेबलावर पट्टी ठेवली तर म्हणतील, बाईने बसवलंय, तरीच. तुमच्या वाकड्याला हात म्हणतात बाबा. माझ्या वाकड्याला कुणी हात म्हणणार नाही."

बाबा खिडकीकडे वळले. म्हणाले, "सांगणार आहेस का त्याला?"

"नाही. पण पाचरही काढणार नाही."

सरळ टेबलावर काळा चेंडू आपणहून वळत नाही, हे ती जाणून होती. पण लोकांना वळणाराच चेंडू बघायचा असतो, आणि पांढरा वळवता येतो. काठीची मागची बाजू उंच उचलून चेंडूच्या एका अंगावर वरून फटका दिला, तर तो आधी लांब जातो आणि मग गिरकीच्या जोराने आत येतो. वाटेत एक चेंडू आडवा ठेवायचा, त्याला वळसा घालून पॉकेटाच्या तोंडाशी ठेवलेला काळा आत ढकलायचा. उताराची उसनवारी नाही. अडचण एकच. असा फटका जरा चुकला तर काठीचं टोक कापडात घुसतं. फाटलेली कापडं पाहून ती आयुष्यभर खेळाडूंना शिव्या घालत आली होती.

बाबांच्या कारखान्यातल्या जुन्या टेबलावर तिने कापडाचे उरलेले तुकडे ठोकले आणि रोज सकाळी कामाआधी दोन तास काढले. पहिल्या दिवशी तीन ठिकाणी फाडलं. दुसऱ्या दिवशी चार. नवरा डबा घेऊन आला, टेबलाकडे बघून म्हणाला, "उंदीर लागले का?" तिसऱ्या दिवशी चेंडू वळला, भलतीकडे. पाचव्या दिवशी एका कोपऱ्यात बसला. मनगट सुजलं, ते तिने फडक्याने बांधलं. सातव्या दिवशी चारपैकी तीन कोपरे जमले. चौथ्याला, क्लबात खिडकीकडे येणाऱ्याला, उभं राहायचं तिथे तिचा डावा हात पुढे पोचायचा नाही. दिवस संपले.

रविवारी माणसं नेहमीपेक्षा जास्त होती. बातमी पसरली होती. बाबा मागच्या रांगेत, हात खिशात. उस्ताद पुढच्या खुर्चीत.

तिने पट्टी टेबलावर ठेवलीच नाही. "बुडबुडा तुम्हाला लांबून दिसायचा नाही," ती म्हणाली. "चेंडू दिसतील. एकच फटका, चार कोपरे."

काठी उचलली तेव्हा खालचं कापड तिने स्वतः ताणलेलं होतं आणि त्याचा प्रत्येक धागा तिला दिसत होता. मारला. पांढरा आडव्या चेंडूच्या बाहेरून गेला, रेंगाळला, आत वळला. काळा पडला. कुणीतरी "अरेच्चा" म्हणालं आणि उस्तादांकडे बघून थांबलं.

दुसरा कोपरा, पडला. तिसराही पडला.

खिडकीकडचा कोपरा. चेंडू वळलाच नाही. मागे खसखस पिकली.

"झालं ना?" मॅनेजर पुढे आला. "उतार आहे तिकडे."

"हात पोचला नाही माझा. टेबलाचा दोष नाही."

"एकदाच म्हणाली होतीस."

"चार कोपरे म्हणाले होते. किती वेळात ते नव्हते म्हणाले. व्हा बाजूला."

तिने चेंडू पुन्हा मांडले. चुकला. पुन्हा मांडले. चौथ्या खेपेला एक गृहस्थ उठून गेले. पाचव्या खेपेला चेंडू उडून टेबलाखाली गेला. ती सरपटत जाऊन घेऊन आली, गुडघे झटकले, आणि हसणाऱ्यांकडे इतकं सरळ बघितलं की हसू तिथेच थांबलं. सहाव्या खेपेला पॉकेटाच्या ओठाला लागून परतला. सातव्या खेपेला ती एक पाय वर घेऊन कडेवर अर्धी आडवी झाली, हात पोचला, आणि पांढरा कधी वळला ते तिला कळलंच नाही. काळा पडल्याचा आवाज तेवढा आला.

टाळ्या आल्या. त्या ओसरल्यावर उस्ताद उठले. विसरभोळा पडायचा त्या डाव्या कोपऱ्यापाशी गेले आणि कापडावर तळहात ठेवून उभे राहिले. मग मान वळवून मागच्या रांगेकडे बघितलं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "तुला माहीत होतं?"

बाबांनी खिशातून हात काढले. थरथरत होते. "होतं," ते म्हणाले.

तिला वाटलं, आता काठी आपटतील. मॅनेजरलाही तेच वाटलं असावं, कारण तो घाईने म्हणाला, "हे बघ, तुझं टेबल सरळ, मान्य. पण लोक विसरभोळ्यासाठी येतात. ती पाचर काढ आणि विषय संपव."

तिने पिशवीतून पाना काढला आणि त्याच्यापुढे धरला. "तुम्ही काढा. माझ्या हाताने नाही. आणि काढलीत तर उरलेल्या अकरा टेबलांना मी हात लावणार नाही."

मॅनेजरने पाना घेतला नाही. तो उस्तादांनी घेतला. हातात तोलून बघितला आणि तिच्या पिशवीत परत टाकला.

"त्या खिडकीकडच्या कोपऱ्यात तू सहा वेळा चुकलीस," ते म्हणाले. "मी चारात करीन."

"करा की."

"हसायचं नाही."

"चारच्या वर गेलात तर हसेन."

उस्तादांनी बाह्या दुमडल्या, काठीला खडू लावला आणि सवयीने, कुणीतरी चेंडू मांडून देईल म्हणून थांबले. ती जागची हलली नाही. मग ते स्वतःच वाकले आणि एकेक चेंडू जागेवर ठेवू लागले.