एक माणूस, एक पार्ट

वाचकहो, एका प्रश्नाचं सरळ उत्तर द्या. घरातला कॉम्प्युटर कुणाचा असतो? विकणाऱ्याचा, घरच्या सगळ्यांचा, की त्याच्यासमोर बसून काम करणाऱ्याचा? आमच्या घरी हा प्रश्न रीतसर मतदानाला टाकला होता. काम करणारी हरली.

काम करणारी म्हणजे माझी धाकटी बहीण मुक्ता. ती व्हिडिओ एडिटिंग करते. दिंडोरीच्या शोभाताईंनी त्यांच्या द्राक्षबागेची फिल्म तिच्याकडे सोपवली होती. मुक्ताचं स्वतःचं पहिलं काम! रविवारी बाग बघायला परदेशी खरेदीदार येणार होते, त्यांना ती दाखवायची. जमलं तर शोभाताईंचं पुढचं सगळं काम मुक्ताचं, नाही जमलं तर गुपचूप पुण्यातली नोकरी धरायची, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. आणि तिचा लॅपटॉप असा, की द्राक्षाचा घड दाखवायला घ्यावा, तर पडद्यावर येईपर्यंत त्याचे मनुके व्हावेत!

"नवीन मशीन लागेल," मुक्ता म्हणाली.

"तयार नाही घ्यायचं!" मी गरजलो. "तयार मशीन म्हणजे कंपनीनं आपल्याला न विचारता घेतलेले निर्णय! सुटे पार्ट आणू, घरी जुळवू!"

इथे आमचं घराणं सांगायला हवं. बाबा मनमाडला रेल्वेत होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. मी बाराखडी गिरवली ती पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. ऐन संपात जन्मलो, म्हणून माझं नाव संग्राम. (बहिणीच्या जन्मापर्यंत संप मिटला होता, म्हणून ती मुक्ता.) बाबा निवृत्त झाले, आम्ही नाशिकरोडला आलो, पण शिस्त तीच. आमच्याकडे कुकरसुद्धा ठराव मांडून घेतला जातो.

तर बैठक बसली. अध्यक्ष बाबा. लासलगावचे मामा आले होते, ते कांद्याचे व्यापारी. त्यांनाही मताचा अधिकार दिला. मी उभा राहिलो आणि ठराव मांडला: "एक माणूस, एक पार्ट! आपापला पार्ट ज्यानं त्यानं निवडायचा, दुसऱ्याच्या पार्टात नाक खुपसायचं नाही. आणि सगळं एकाच दुकानातून आणायचं नाही, त्यानं मक्तेदारी वाढते!"

मामांनी टाळ्या वाजवल्या. मुक्तानं हात वर केला.

"अरे दादा, पण ते पार्ट एकमेकांना..."

"ठरावावर बोल," बाबा म्हणाले.

"ठरावावरच बोलतेय! ते जुळायला..."

"वापराचा विषय पुढच्या बैठकीत," मी म्हणालो आणि मतदान पुकारलं. एक विरोधी मत सोडता ठराव एकमताने मंजूर!

वाटप झालं. बाबांना प्रोसेसर, मला मदरबोर्ड, मामांना ग्राफिक्स कार्ड, आईला कॅबिनेट. रॅम आणि वीज पुरवणारा एसएमपीएस 'किरकोळ सामान' म्हणून मी माझ्याकडेच ठेवले. (चळवळीत एवढं चालतं.) मुक्ताला माउस मिळाला.

बाबांनी दुकानदाराला विचारलं, "सगळ्यात जास्त कोणता प्रोसेसर खपतो?"

"हा बघा, काका. डोळे झाकून घ्या."

"मग हा नको. दुसऱ्या कंपनीचा द्या!"

मी गेलो वेगळ्या दुकानात. त्याच्या दारावर एका कंपनीचं भलंमोठं पोस्टर होतं. इतकी जाहिरात करावी लागते म्हणजे काहीतरी लपवायचं असणार! मी त्या कंपनीवर जागच्या जागी बहिष्कार टाकला आणि तिच्या विरोधी कंपनीचा प्रोसेसर चालेल असा बोर्ड मागितला. पोस्टरवाली कंपनी नेमकी बाबांनी निवडलेली होती, हे मला कळणार कसं? एकमेकांच्या पार्टात नाक खुपसायचं नाही, हा नियम आम्ही प्राणपणानं पाळत होतो.

"साहेब, प्रोसेसर कोणता घेतलाय?" दुकानदारानं विचारलं होतं.

"ते माझं खातं नाही!" मी ताठ मानेनं म्हणालो.

आई टेप घेऊन बाजारात गेली. टेबलाखाली गव्हाच्या कोठीशेजारी जेवढी जागा होती, तेवढं आणि तेवढंच कॅबिनेट तिनं आणलं. मामांनी दुकानातली सगळी कार्डं हातात तोलली. "वजनदार माल म्हंजे चांगला माल, लय साधा हिशेब हाय," म्हणत त्यांनी सगळ्यात जड कार्ड उचललं.

इथवर गोष्ट घरातच राहिली असती. पण मी पत्रक काढलं! 'कंपन्यांच्या जोखडातून मुक्ती! स्वावलंबी कॉम्प्युटरची जाहीर जोडणी! शुक्रवारी सायंकाळी सर्वांनी यावे!' बिल्डिंगच्या प्रत्येक दाराखालून सरकवलं. लोक आले. सोसायटीचे सेक्रेटरी देशमुखकाका तर नारळ घेऊन आले आणि पहिल्या खुर्चीत बसले.

मी एक छोटंसं भाषण केलं. (मुक्ता म्हणते, छोटंसं नव्हतं.) मग बोर्ड टेबलावर ठेवला, बाबांकडून प्रोसेसर सन्मानानं घेतला आणि बोर्डावरच्या जागेवर धरला. जागा लांबट, प्रोसेसर चौकोनी. फिरवून धरला. चौकोनी वस्तू फिरवली तरी चौकोनीच राहते, हे मला भर सभेत समजलं.

"दाबून बसंल की!" मामा उठले. "गोणीत शेवटचा कांदा बसवतो ना, तसा!"

त्यांनी अंगठा रोवला, तोच मुक्तानं झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं. "मामा, सोडा! खालच्या पिना केसासारख्या आहेत. वाकल्या तर बोर्ड गेला!"

"बरं, हे राहू दे," मी आवाज न बदलता म्हणालो. "आधी रॅम!" रॅम मी नियमाप्रमाणे तिसऱ्याच दुकानातून आणली होती; तिची खाच एकीकडे, बोर्डाचा दात दुसरीकडे. "बरं, आधी कार्ड!" मामांचं कार्ड आईच्या कॅबिनेटमध्ये घातलं, तर रिक्षातून शिडी न्यावी तसं बाहेर आलं.

"संग्राम," देशमुखकाका शांतपणे म्हणाले, "कार्ड कॅबिनेटमध्ये घालायचंय, की कॅबिनेट कार्डात?"

सभा हसली! मी बाबांकडे वळलो. "तुमचा प्रोसेसर फुटीर निघाला!"

"तुझा बोर्ड आडमुठा आहे!"

"तुम्ही त्या पोस्टरवाल्या कंपनीला शरण गेलात!"

"आणि तू त्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या कंपनीला!"

"बास!" आई म्हणाली. "कंपन्यांचं नंतर बघा. परवा दिंडोरीला पोरगी काय दाखवणार? तुमचं पत्रक?"

मुक्ता रिकाम्या बोर्डाकडे बघत होती. तिच्या हातात तिचा माउस होता, वायर गुंडाळलेला.

"आता तरी मी बोलू?" तिनं विचारलं.

"अध्यक्षांची परवानगी..." बाबांनी सुरुवात केली.

"परवानगी कसली? बोल गं!" आई म्हणाली.

"प्रोसेसरवरून बोर्ड ठरतो, बोर्डावरून रॅम. कार्ड केवढं, त्यावरून कॅबिनेट, आणि सगळ्यांना वीज किती लागते त्यावरून एसएमपीएस. एकाला विचारल्याशिवाय दुसरं घ्यायचंच नसतं! दादा, माणसांनी एकत्र यावं म्हणून तू पत्रकं वाटतोस, आणि पार्टांना मात्र फुटून राहायला सांगतोस?"

टाळ्या पडल्या. माझ्याच सभेत, माझ्याच विरुद्ध! (नारळ देशमुखकाका परत घेऊन गेले.)

शनिवारी मुक्ता बाजारात गेली. मी मागून पिशव्या घेऊन. बोर्डाच्या पिना शाबूत होत्या, म्हणून दुकानदारानं तो परत घेतला आणि बाबांच्या प्रोसेसरला चालेल असा दिला. त्या बोर्डाची रॅम, जास्त ताकदीचा एसएमपीएस आणि मामांचं कार्ड मावेल असं ऐसपैस कॅबिनेट, सगळं तिथूनच.

"सगळं एकाच दुकानातून?" मी कळवळून म्हणालो.

"दादा, पिशवी धर."

मी पिशवी धरली. दुपारी तिनं सगळं जोडलं, बटण दाबलं, पंखा फिरला आणि पडदा उजळला. "पेटला, पेटला!" मामा ओरडले, जणू कांद्याला भाव फुटलाय. मुक्ता तिथून उठली ती फिल्म पुरी करूनच. रविवारी दिंडोरीत ती खरेदीदारांना बागेतच दाखवली. शोभाताई म्हणाल्या, "आता पुढच्या हंगामाची छाटणीपासूनची सगळी फिल्म तूच करायची गं." पुण्याच्या नोकरीला तिनं नकार कळवला.

आईचं कॅबिनेट वाया गेलं नाही. कोठीशेजारी ते टेपनं मोजल्याप्रमाणे बरोब्बर बसलंय आणि आता त्यात कांदे असतात. मामांनी जाळीवर हात फिरवून पसंती दिली: "हवा लय भारी खेळती. माल सडणार नाय."

मग या स्वावलंबी कॉम्प्युटरमध्ये माझं काय राहिलं? आहे ना! मुक्ताचं टेबल डुगडुगत होतं. त्याच्या पायाखाली माझं पत्रक आहे, घडी घालून.

तेव्हा वाचकहो, एक कळकळीची विनंती. घरात काही घ्यायचं ठरलं, तर ते वापरणार कोण, हे आधी बघा. त्या माणसाला विचारा आणि उत्तर संपेपर्यंत गप्प बसा. आणि तुमच्याकडचं एखादं टेबल हलत असेल, तर नाशिकरोडला येऊन पत्रकं घेऊन जा. आमच्या टेबलाचा एकच पाय आखूड आहे, पत्रकं गठ्ठ्यानं उरली आहेत!