बस्त्यातले काकाजी

छत्रीचं कापड घ्यायला आलेल्या एका वाटसरूला मी लग्नाच्या बस्त्याचा मुखत्यार करून टाकलं आणि मामाच्या दुकानाचं एक अख्खं गाव घालवलं.

हे काम अडाण्याच्या हातून झालं नसतं. त्याला शिक्षण लागतं. मी तेव्हा अकोल्याहून अमरावतीला कॉमर्स शिकायला आलो होतो आणि मामाकडे राहत होतो. राजापेठेत मामाचं कापडाचं दुकान होतं. सकाळी कॉलेज, दुपारी ठाण उलगडणं, संध्याकाळी त्याच ठाणांच्या घड्या. मीटर नुकताच आला होता. गिऱ्हाईक वारात मागायचं, सरकार मीटरात मोजायला सांगायचं, आणि मामा दोघांनाही 'होय जी' म्हणून आपल्या मनानं फाडायचा.

कॉलेजात मला तीन विद्या मिळत होत्या. मराठीच्या सरांनी एक जाडजूड कादंबरी लावली होती. ते सांगत, ज्याच्या बोलण्यानं इतर पात्रांचे चेहरे बदलतात तो नायक, बाकीची गौण पात्रं. व्यापारी पत्रव्यवहाराचे सर म्हणत, गिऱ्हाइकाला कधी प्रश्न विचारू नये, प्रश्नानं माणूस अवघडतो; जुनी ओळख असल्यासारखं बोलावं. तिसऱ्या सरांकडे धंद्यातले निर्णय होते. त्यांचं म्हणणं असं की कितीही मंडळी आली तरी निर्णय घेणारा एकच असतो, बाकीचे चहा प्यायला येतात. या सरांनी आयुष्यात पानाची टपरीसुद्धा चालवली नव्हती. पण चालायचं. कादंबरीच्या सरांनी तरी कुठे कादंबरी लिहिली होती?

या तिन्ही विद्या घेऊन मी दुपारी दुकानात शिरायचो आणि मामाकडे कीव येऊन बघायचो. कारण मामाची पद्धत म्हणजे जकात नाका. पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला तो गादीवरूनच ओरडून विचारी, "कोनतं गाव? कोनाचे तुमी? काय पायजे?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा मी त्याला प्रश्न न विचारण्याचं शास्त्र समजावून सांगितलं. मामानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे सांगनारा मास्तर कोनत्या गावचा?"

त्या उन्हाळ्यात दर्यापूरकडच्या एका मोठ्या घरातल्या मुलीचं लग्न ठरलं. बस्ता आमच्याकडे यायचा होता. लग्नाचं सगळं कापड, नवरीच्या शालूपासून दूरच्या आत्याच्या चोळीखणापर्यंत, दोन्हीकडच्या मंडळींनी बसून एकाच दुकानात फाडायचं, तो बस्ता. आणि या घरानं जिथे बस्ता फाडला तिथे त्यांचं सगळं गाव लागायचं. आमच्या समोरच वर्षभरापूर्वी नवं दुकान उघडलं होतं, आरसे लावलेलं. आमची निम्मी गिऱ्हाइकं त्या आरशांत आपलं तोंड बघायला म्हणून गेली ती परत आलीच नव्हती. मामा आठवडाभर एकच गोष्ट घोकत होता, "हा बस्ता आपल्याकळे फाटला त गाव आपलं. समोर गेला त गाव समोर."

नेमकी बस्त्याच्याच दिवशी सुरतेच्या मालाची बिल्टी, म्हणजे रेल्वेची पावती, आली. शालू त्या गठ्ठ्यात होते, त्यामुळे मामाला स्टेशनवर जाणं भाग पडलं. जाताना म्हणाला, "पानी दे, चहा दे, अन् एकेकाले विचारून घे कोन कोनाचं. मी येवोस्तोर दुसरी अक्कल चालवू नको."

मंडळी आली. मुलीकडची दर्यापूरच्या मोटारीनं, मुलाकडची मोर्शीच्या. नुकतीच सोयरीक झालेली, त्यामुळे दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बघून नुसते हसत होते. त्या घोळक्यात पायरी चढला एक उंच, भरदार माणूस. पांढरा फेटा, पिळदार मिशा, काखेत छत्री. त्याला बघितलं आणि माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. कादंबरीतून उठून आल्यासारखा नायक!

"मले जरा कापड..." तो म्हणाला.

"आधी चहा, काकाजी," मी म्हणालो आणि हात धरून त्याला मधल्या लोडाशी बसवलं. दोन्ही व्याह्यांना जरा सरकून घ्यावं लागलं. मुलीच्या बापाला वाटलं, हे मुलाकडचे कोणी वडीलधारे. मुलाच्या बापाला वाटलं, मुलीकडचे. दोघांनीही त्याला हात जोडले. त्यानं दोघांना आशीर्वाद दिला. माणूस भला होता.

मी एकेक ठाण उलगडून काकाजींपुढे टाकू लागलो. "काकाजी, तुमचा शब्द शेवटचा!" एवढा मान मिळाल्यावर कोण गप्प बसेल? नवरदेवाच्या धोतरजोडीला बोट लावून ते म्हणाले, "हे काय? याच्याहून बारीक सूत नाई का?" मुलीच्या बापाचा चेहरा पडला. मुलाकडून मागणं वाढलं होतं ना! मुलाच्या बापाचाही चेहरा पडला, कारण मुलीकडचे श्रीमंती दाखवायला लागले होते. दोन चेहरे बदलले. सरांची व्याख्या तंतोतंत लागू पडली होती. मी दुसरा चहा मागवला.

तासभर हे चाललं. काकाजी पसंत करत होते, नापसंत करत होते, पान खात होते. मंडळींचं हसणं केव्हाच थांबलं होतं. बायका एकमेकींच्या कानाशी लागल्या होत्या. मी याला कथानकाची उत्कंठा समजत होतो. मग नवरदेवाच्या बहिणीचं, म्हणजे करवलीचं लुगडं निघालं. काकाजींनी ते उजेडात धरलं आणि म्हणाले, "करवलीले हे? आमच्याइथं त हे सारवनाऱ्या बाईले देते!"

करवली तिथेच बसली होती. ती रडायला लागली. तिची आई उभी राहिली. मुलीचा बाप हात जोडून म्हणाला, "इवाई, आमच्यानं होईल तेवढं करून राहिलो जी आमी. पन तुमच्या मानसाले जरा आवरा."

"आमचा मानूस? माह्या पोरीले रडवलं तुमच्या मानसानं, अन् आमी आवरू?"

"थो तुमचा नाई?"

"तुमचा नाई?"

सगळी मंडळी माना वळवून काकाजींकडे बघू लागली. ते चुना लावत होते.

"तुमी कोनाचे जी?" मुलीच्या बापानं विचारलं. मामाचाच प्रश्न, फक्त तासभर उशिरा.

"मी? मी परतवाड्याचा," काकाजी म्हणाले. "माही मोटार चार वाजता हाये."

"मंग इथं कायले बसले?"

"मी कुठी बसलो? या पोट्ट्यानं बसवलं. मले छत्रीचं कापड पायजे होतं. चहा देल्ला, पान देल्लं, वरून विचारे कसं वाटते. म्हटलं, इथली रीत असंन."

आधी करवलीची आई हसली. मग करवली, डोळे पुसत. मग दोन्ही व्याही एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. मलाही हायसं वाटून मी हसलो, आणि तीच शेवटची चूक. मुलाच्या बापानं माझ्याकडे बघितलं आणि एकदम गंभीर झाला. "मोळली असती न सोयरीक या लेकाच्यानं!" मुलीचा बाप म्हणाला, "चाला इवाई, या दुकानात बसनं नाई." व्याह्यांचं इतकं एकमत नंतर त्या लग्नात पुन्हा झालं नसेल. सगळी मंडळी उठली, रस्ता ओलांडून समोर गेली. समोरचा दुकानदार पायरी उतरून, पंख्यानं वारा घालतच त्यांना आत घेऊन गेला.

दुकानात मी, उलगडलेल्या ठाणांचा डोंगर आणि काकाजी राहिलो.

"पोरा, आता तरी दाखवतं का छत्रीचं कापड?"

छत्रीचं कापड आमच्याकडे नव्हतं. ते ऐकून काकाजींनी एक उसासा टाकला, छत्री काखेत घेतली आणि तेही समोरच्या दुकानात गेले.

मामा हमालाच्या डोक्यावर शालूंचा गठ्ठा घेऊन आला तेव्हा समोरच्या आरशांत आमची सगळी मंडळी दुप्पट दिसत होती. मामानं एकदा तिकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि गठ्ठा न सोडताच कोपऱ्यात ठेवायला सांगितला. गाव गेलं. पुढच्या लग्नसराईत दर्यापूरची मोटार आली की मामा मुद्दाम पाठ फिरवून घड्या घालत बसायचा.

परीक्षेत प्रश्न आला, 'कादंबरीतील मुख्य पात्र कोणते, ते सकारण लिहा.' मी पुरवण्या जोडजोडून लिहिलं आणि कॉलेजात पहिला आलो. पेढे घेऊन दुकानात गेलो. मामानं पेढा तोंडात टाकला, सावकाश संपवला, धोतराला हात पुसला आणि म्हणाला, "पुस्तकातले मानसं उठून समोरच्या दुकानात जात नाईत, बापा. म्हनून पास झाला तू."